लार्दोचे वाचन : चरबी, संगमरवर आणि श्रम

अन्नाविषयी लिहिताना आपल्याकडे दोन भाषा आलटून पालटून वापरल्या जातात. एक आहारशास्त्राची : उष्मांक, मेदाम्ले, कोलेस्टेरॉल, 'हे टाळा', 'ते खा'. दुसरी रसिकतेची : जिभेवर विरघळणे, मातीचा गंध, आजीच्या हातची चव, लोप पावत चाललेली परंपरा. या दोन भाषा एकमेकींच्या विरोधात उभ्या आहेत, असे वरवर पाहता वाटते. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की त्या दोघी एकच चूक करतात. दोघीही पदार्थाला तो खाणाऱ्याच्या आणि करणाऱ्याच्या श्रमापासून तोडून घेतात आणि मग त्याच्यावर निकाल देतात. ही चूक इटलीतल्या 'लार्दो' या पदार्थाइतकी स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसत असेल. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात लक्ष घालावे असे वाटण्याचे कारणही तेच आहे. कारण संहिता तिच्या परिस्थितीपासून तोडली की काय होते, हा प्रश्न आपल्या रोजच्या व्यवसायातला आहे.

प्रथम शब्दाविषयी. लार्दो म्हणजे डुकराच्या पाठीवरील चरबीचा जाड थर, मीठ आणि मसाल्यात मुरवून टिकवलेला. इंग्रजीतला 'लार्ड' तो नव्हे. लार्ड म्हणजे कढवून, गाळून घेतलेली चरबी. तिला इटालियनमध्ये 'स्त्रुत्तो' असे वेगळे नाव आहे. गालाच्या मांसल चरबीचे 'ग्वांचाले' होते, पोटाच्या पट्ट्यांची 'पांचेत्ता' होते. इतके बारकावे जपणाऱ्या भाषेतून या पदार्थाला मराठीत आणायचे तर आपल्या हाती 'चरबी' एवढा एकच शब्द उरतो आणि तो काही निष्पाप नाही. डुकराची चरबी म्हटले की मराठी वाचकाला स्वयंपाकघर आठवत नाही, १८५७ची काडतुसे आठवतात. शिवाय एखाद्याला 'चरबी चढली' असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या तब्येतीविषयी बोलत नसतो, त्याच्या माजाविषयी बोलत असतो. उलट आयुर्वेदाने घृत, तैल, वसा आणि मज्जा या चौघांना 'स्नेह' या एकाच नावाखाली बसवले. वसा म्हणजे चरबीच. म्हणजे प्राण्याची चरबी आणि माणसामाणसांतली माया यांना एकच शब्द चालत होता. पुढे मायेचा अर्थ भाषेत राहिला आणि वसा मागे पडली.

इटालियन भाषेत मात्र चरबी दीर्घकाळ समृद्धीचीच खूण राहिली. मध्ययुगीन फ्लॉरेन्समध्ये धनिक व्यापारी वर्गाला 'पोपोलो ग्रासो' म्हणत, शब्दशः 'लठ्ठ लोक'. आणि कारागीर, लहान दुकानदार यांना 'पोपोलो मिनूतो', म्हणजे 'बारके लोक'. वर्गभेद सांगण्यासाठी अंगावरच्या मेदापेक्षा अचूक शब्द त्या शहराला सापडला नाही. बोलोन्या शहराचे जुने टोपणनाव 'ला ग्रासा', लठ्ठ नगरी. आणि ते अभिमानाने मिरवले जाते. आपण 'पाचही बोटे तुपात' म्हणतो, तिथे इटालियन माणूस 'लार्दोत पोहणे' म्हणतो. लार्दोच्या मोहाने वारंवार जाणारी मांजर एक दिवस आपला पंजा तिथेच गमावून बसते, अशी म्हणही त्या भाषेत आहे. म्हणीत जो पदार्थ मोहाचे प्रतीक म्हणून येतो, तो बोलणाऱ्यांच्या घरी मुबलक नसतो. ज्याच्यासाठी जीव टाकावा असे काही असते, तेच म्हणीत जाऊन बसते.

या मोहाचा इतिहास जुना आहे. लॅटिन 'लारिदुम'चा पुढे 'लार्दुम' झाला. इसवी सन ३०१ मध्ये सम्राट डायोक्लेशनने वस्तूंच्या कमाल किमती ठरवणारा हुकूम काढला, त्या यादीत या खारवलेल्या चरबीला स्वतंत्र स्थान आहे. मध्ययुगाच्या आरंभी पो नदीच्या खोऱ्यातल्या मठांच्या दफ्तरांत जंगलाचे माप लांबी-रुंदीने न देता, त्या जंगलातल्या ओकफळांवर किती डुकरे पोसली जातील या संख्येने दिलेले आढळते. मासिमो मोन्तानारी या इतिहासकाराने या नोंदींतून एका अख्ख्या समाजाचे अर्थकारण उलगडून दाखवले आहे. चर्चच्या पंचांगानेही दिवसांची विभागणी चरबीवरूनच केली होती : 'ग्रासो'चे दिवस आणि 'माग्रो'चे, म्हणजे उपासाचे, दिवस. मध्ययुगात वर्षातले शंभराहून अधिक दिवस मांस आणि त्याची चरबी वर्ज्य असे. म्हणून ज्याला आपण 'पाककृती' म्हणतो, ती चवीइतकीच तिथीवरही अवलंबून होती. पेल्लेग्रीनो आर्तूसी यांनी १८९१ साली फ्लॉरेन्समध्ये स्वखर्चाने छापलेल्या आणि पुढे इटलीच्या घराघरांत पोचलेल्या पाकग्रंथात तळण्याविषयी एक मार्मिक निरीक्षण आहे. ज्याच्या मुलखात जो स्नेह चांगला होतो, तो त्यातच तळतो : तोस्कानात तेल, लोंबार्दीत लोणी, एमिलियात डुकराची चरबी. एकीकरण होऊन अवघी तीन दशके झालेल्या त्या देशाचा नकाशा आर्तूसी यांनी कढईच्या तळाशी पाहिला होता.

आता कोलोन्नाता या गावाकडे वळू. तोस्कानाच्या वायव्य टोकाला, आपुआन आल्प्सच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंचीवर, कर्रारा शहराच्या हद्दीतले हे लहानसे गाव. ज्या पांढऱ्या संगमरवरासाठी मायकेलँजेलो या डोंगरात स्वतः येऊन शिळा निवडत असे, त्या खाणींनी हे गाव तिन्ही बाजूंनी वेढलेले आहे. इथला लार्दो मुरतो तोही संगमरवरातच. कानालोनी नावाच्या जवळच्या भागातला बारीक कणांचा दगड कोरून आयताकृती कुंड्या केल्या जातात. कुंडी आतून लसणाने घासायची; चरबीचे ठोकळे समुद्री मिठाने चोळायचे; मग चरबी, मिरी, रोझमेरी, लसूण असे थर रचत कुंडी भरायची आणि वर संगमरवराचीच फरशी ठेवायची. निदान सहा महिने ती तशीच राहते. मीठ चरबीतले थोडेबहुत पाणी ओढून घेते आणि त्याचाच खारा द्रव होऊन ठोकळ्यांना वेढतो. मुळात चरबीत पाणी कमी, त्यात एवढे मीठ. जंतूंना वाढायला जागा उरत नाही. दगड थंड राहतो. ना धूर, ना शिजवणे. वाल्ले दाओस्तातल्या आर्नाद गावी हेच काम लाकडी पेट्यांत होते. कारण तिथे लाकूड हाताशी आहे. कोलोन्नातात दगड हाताशी होता. परंपरा म्हणतात ती पुष्कळदा अशी हाताशी असलेल्या वस्तूपासून सुरू होते.

हा लार्दो खात कोण असे? खाणीत उतरणारा कामगार. भाकरीबरोबर जसे काहीतरी कोरड्यास लागते, तसा पावाबरोबर लागणारा हा पदार्थ. इटालियनमध्ये त्यासाठी 'कोंपानातिको' असा नेमका शब्द आहे. 'पावासोबतचे' इतकाच त्याचा अर्थ. पावाच्या जाड तुकड्यावर लार्दोचे काप, सोबत कांदा किंवा टोमॅटो. या कामगाराचे काम कसले होते, हेही सांगायला हवे. डोंगरातून सुटलेल्या शिळा लाकडी घसरगाडीवर बांधून, साबण लावलेल्या ओंडक्यांवरून, दोरांच्या आधाराने उतारावर सोडायच्या. या पद्धतीला 'लित्सातूरा' म्हणत. दोर तुटला की खाली असलेला माणूस संपला. १९११ च्या जुलैमध्ये बेत्तोल्यी खाणीत दरड कोसळून दहा कामगार मेले. आणि ती काही एकमेव दुर्घटना नव्हे. या डोंगरातून इटलीतल्या अराज्यवादी चळवळीची एक प्रबळ धारा निघाली, यात नवल नाही. जानेवारी १८९४ मधला इथला उठाव सैन्य पाठवून मोडला गेला. १९१९ साली आल्बेर्तो मेस्की यांच्या नेतृत्वाखाली खाणकामगारांनी दिवसाला साडेसहा तासांच्या कामाचा हक्क मिळवला. इटलीच्या अराज्यवादी महासंघाची स्थापना १९४५ मध्ये कर्रारातच झाली. लार्दोच्या पाटीवर हे काही लिहिलेले नसते. तिथे रोझमेरीची फांदी असते.

या पार्श्वभूमीवर पोषणाचे आकडे पाहू. डुकराच्या पाठीच्या कच्च्या चरबीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ८०० किलोकॅलरी ऊर्जा आणि जवळपास ८९ ग्रॅम स्निग्धांश असतो. त्यापैकी सुमारे ३२ ग्रॅम संपृक्त मेदाम्ले, तर सुमारे ४२ ग्रॅम एक-असंपृक्त, म्हणजे मुख्यतः ऑलिव्ह तेलात असते तेच ओलेइक आम्ल. लोण्यात संपृक्त मेद याहून बराच जास्त, १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या आसपास. कोलेस्टेरॉल तर लोण्यात तिपटीहून अधिक. या आकड्यांवरून लार्दोचे वकील सांगतात की तो लोण्यापेक्षा सौम्य आहे. गोष्ट खरी आहे. पण त्यावरून तो औषध ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाच्या ऊर्जेपैकी संपृक्त मेदाचा वाटा १० टक्क्यांच्या आत आणि मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी ठेवावे असे सांगते. २००० किलोकॅलरींच्या आहारात हा वाटा सुमारे २२ ग्रॅम होतो. ३० ग्रॅम लार्दोने त्यातला जवळजवळ निम्मा संपतो. आणि मुरवताना शिरलेले मीठ वेगळेच.

पण हा हिशेब कोणाचा? दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचा. शिळा ओढणाऱ्या कामगाराची गरज याहून कितीतरी मोठी होती. मांस त्याला परवडत नव्हते. घाम गाळणाऱ्या शरीराला मीठ हवे होते. थंडीत डोंगर चढताना खिशात मावेल, नासणार नाही, चूल पेटवावी लागणार नाही असे अन्न हवे होते. थोडक्या वजनात सर्वाधिक ऊर्जा देणारा पदार्थ म्हणजे स्निग्ध पदार्थ, हे सांगायला त्याला कोष्टकाची गरज नव्हती. त्याच्यासाठी जे पोषण होते, ते आपल्यासाठी अतिरेक ठरते. पदार्थ तोच, त्याचा अर्थ उलटा. तेव्हा पोषण हा पदार्थात साठवलेला गुण नसून पदार्थ आणि देह यांच्यातले नाते आहे, आणि देह कोणत्या कामाला जुंपला आहे त्यावर ते नाते ठरते. शब्दाचा अर्थ शब्दात नसतो, वापरात असतो, असे आपण वर्गात शिकवतो. चरबीलाही तोच नियम लागू आहे.

या संदर्भात 'भूमध्यसागरी आहार' या कल्पनेकडे थोडे संशयाने पाहावेसे वाटते. अँसल कीझ यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या सात देशांच्या अभ्यासातून या कल्पनेला वैज्ञानिक प्रतिष्ठा मिळाली. २०१० साली युनेस्कोने ती मानवतेच्या अमूर्त वारशात नोंदवली. अभ्यासाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. संपृक्त मेदाविषयीच्या इशाऱ्याला आज भक्कम आधार आहे. प्रश्न आहे तो या आहाराच्या लोकप्रिय चित्राचा. त्या चित्रात ऑलिव्हची झाडे असतात, निळा समुद्र असतो, आणि इटलीची चूल जणू आरंभापासून तेलावरच पेटत आली असावी असा भास असतो. कीझ यांच्या इटालियन गावांपैकी क्रेवाल्कोरे हे बोलोन्याजवळचे, म्हणजे आर्तूसी यांनी चरबीच्या नावे नोंदवलेल्या एमिलियातले. मोदेनाच्या डोंगराळ भागात गरम 'तिजेल्ला'मध्ये आजही लार्दो, लसूण आणि रोझमेरी वाटून भरतात. रोमान्यातल्या 'पियादिना'च्या कणकेत स्त्रुत्तो पडतो. आणि असंख्य रश्श्यांचा आरंभ लार्दो बारीक चिरून परतण्याने होत आला आहे. शेतकरी कुटुंब वर्षाला एक डुक्कर मारी आणि त्याच्या चरबीवर वर्ष काढी. हा इटलीचा अर्धा स्वयंपाक आरोग्याच्या चित्रातून पुसला गेला, कारण तो चित्राच्या रंगसंगतीत बसत नव्हता. पुसला गेला तो प्रामुख्याने गरिबांचा स्वयंपाक होता, हेही लक्षात ठेवावे.

मग रसिक आले आणि त्यांनी तो परत आणला. कसा, तेही पाहण्यासारखे आहे. १९९० च्या दशकात युरोपीय समुदायाच्या स्वच्छताविषयक निर्देशानुसार इटलीने नवा कायदा केला. पुढे पोलिसांनी कोलोन्नातातला लार्दो ताब्यात घेऊन तपासणीसाठी अडकवून ठेवला. सच्छिद्र दगडाच्या जुन्या कुंड्या, दमट तळघरे. पुसता येतील अशा भिंती आणि चकचकीत पोलाद यांची अपेक्षा करणाऱ्या नियमात हे बसणार कसे? कार्लो पेत्रीनी यांच्या 'स्लो फूड' चळवळीने हा प्रश्न हाती घेतला आणि लार्दो लुप्त होऊ पाहणाऱ्या खाद्यपदार्थांचे प्रतीक झाला. मानववंशशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन लीच यांनी २००३ साली या साऱ्या प्रकरणावर लिहिलेला निबंध 'डुकराच्या चरबीचे राजकारण' या विषयाची उत्तम मांडणी करतो. लार्दोचे नाव झाले, मागणी वाढली, बाहेरचे उत्पादक तेच नाव लावू लागले आणि अखेर २००४ मध्ये युरोपीय संघाने 'लार्दो दी कोलोन्नाता'ला भौगोलिक निर्देशाचे संरक्षण दिले. आता हे नाव त्या गावात मुरलेल्या चरबीलाच लावता येते.

इथपर्यंतची कथा विजयाची आहे, आणि एका मर्यादेत तो विजय खराच आहे. एखाद्या मोठ्या कारखान्याने 'कोलोन्नाता' हे नाव प्लास्टिकच्या पाकिटावर छापून विकावे आणि गावातल्या कुटुंबांनी तळघर बंद करावे, यापेक्षा हे केव्हाही चांगले. परंतु या संरक्षणाने नेमके काय जपले, हे तपासून पाहावे लागते. डुक्कर कोलोन्नाताचे असावे लागत नाही. उत्तर आणि मध्य इटलीतल्या अनेक प्रदेशांतून ते येऊ शकते. जपली गेली ती जागा, कुंडी, हवा आणि कृती. ज्याच्यासाठी ही कृती जन्माला आली, तो खाणकामगार मात्र या यादीत कुठेच नाही. यंत्रे आली, हिऱ्याचे दाणे बसवलेली तार शिळा कापू लागली. पूर्वी हजारोंना लागणारे काम मूठभर माणसे करू लागली. डोंगर मात्र पूर्वीपेक्षा वेगाने झिजतो आहे, आणि त्यातला फार मोठा भाग शिल्पासाठी नव्हे तर चुरा होऊन कागद, रंग, टूथपेस्ट यांत भरण्यासाठी जातो. लार्दोचे काप आता पातळ होतात, कागदाइतके. आणि कोमट टोस्टवर ठेवून उपाहारगृहात आरंभीचा पदार्थ म्हणून वाढले जातात. जाड कापाकडून पातळ कापाकडे झालेला हा प्रवास म्हणजे या पदार्थाचा सामाजिक इतिहासच आहे.

रोलाँ बार्त यांनी १९५७ च्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात वाइन आणि दूध यांच्यावरील निबंधाचा शेवट करताना अल्जीरियाची आठवण दिली होती. फ्रेंचांच्या या लाडक्या पेयामागे, ज्यांना पावाची वानवा आहे अशा लोकांच्या जमिनीवर लादलेली द्राक्षशेती आहे, हे ती कल्पित कथा लपवते, असा त्यांचा मुद्दा. कल्पित कथा इतिहासाला निसर्गाचे रूप देते, हे त्यांचे सूत्र लार्दोला चपखल बसते. 'प्राचीन काळापासून', 'पिढ्यान् पिढ्या', 'दगडाचा आत्मा' ही भाषा ऐकली की समजावे, इथे कुणाचे तरी दारिद्र्य चव म्हणून विकले जात आहे. परंपरा निर्माण केल्या जातात, हे हॉब्सबॉम आणि रेंजर यांच्या १९८३ च्या ग्रंथानंतर आपल्याला नवे नाही. लार्दोच्या बाबतीत कृती खोटी नाही, दगडही खोटा नाही. वगळला गेलेला भाग मात्र नेमका श्रमाचा आहे. म्हणून इथे खोटेपणाचा आरोप न करता वगळण्याचा आरोप करायला हवा, आणि तो सिद्ध करायला अधिक सूक्ष्म वाचन लागते.

यावर कुणी म्हणेल, की मग काय, लार्दो खाणाऱ्याने प्रत्येक घासाला १९११ ची दरड आठवावी? सगळेच पदार्थ वर्गांची हद्द ओलांडतात. कालचे गरिबाचे अन्न आज श्रीमंताच्या ताटात, यात वावगे काय? आक्षेप योग्य आहे. खाणाऱ्याने काय आठवावे हे ठरवण्याचा अधिकार कुणालाच नाही, आणि अपराधभावनेने चवीत भर पडत नाही. पण लिहिणाऱ्याची गोष्ट वेगळी. जो त्या पदार्थाविषयी चार ओळी लिहितो, मग तो आहारतज्ज्ञ असो, पाकग्रंथकार असो की प्रवासवर्णनकार, त्याने 'परंपरा' हा शब्द वापरताच त्याच्यावर एक जबाबदारी येते. परंपरा म्हणजे कुणाची? कोणत्या गरजेतून आलेली? ती गरज संपली असेल, तर आता ती कोणाच्या उपयोगाची? या तीन प्रश्नांची उत्तरे न देता तो शब्द वापरणे म्हणजे कवितेचा काळ, कवी आणि भाषा यांपैकी काहीही न पाहता तिला 'कालातीत' म्हणण्यासारखे आहे. 'कालातीत' हे विशेषण समीक्षेत जितके आळशी, तितकेच 'पारंपरिक' हे विशेषण अन्नलेखनात.

आहाराच्या कोष्टकाला लार्दो हा संपृक्त मेदाचा तुकडा दिसतो. रसिकाला तो पांढरा, सुगंधी, संगमरवरातून उगवलेला चमत्कार दिसतो. कोष्टक खोटे बोलत नाही आणि रसिकाची जीभही खोटे बोलत नाही. पण दोघांनाही, खारवलेल्या चरबीचा जाड काप पावावर ठेवून दोराखाली उभ्या राहिलेल्या माणसाची गरज दिसत नाही. तो माणूस वाचनात परत आणणे हे काम आकड्यांचे नव्हे आणि जिभेचेही नव्हे. ते भाषेचे आहे, आणि म्हणून आपले आहे. 'स्नेह' या एका शब्दात चरबी आणि माया दोन्ही मावत होत्या, ती भाषा आपल्याला परकी नाही. तिचा अर्धा अर्थ आपण विसरलो आहोत, इतकेच.